खडू लावलेली डबी

खडूचा वास आला की मला रास अल खैमाच्या त्या शेतावरची सकाळ आठवते. ऑफिसातला अमेरिकन मित्र मला वसंतात त्याच्या गावी टर्की पक्ष्याच्या शिकारीला नेणार होता आणि सरावासाठी त्याने एक लाकडी डबी दिली होती. खडू लावून झाकण घासलं की मादीची साद निघायची. दुबईत करामाच्या फ्लॅटमध्ये बायको वैतागेपर्यंत मी ती वाजवत बसायचो. त्या दिवशी शेतावर ऑफिसच्या पिकनिकला जेवणासाठी आणलेला टर्कीचा नर सुटून खजुरांच्या बागेत पळाला. कुणाच्याच हाती लागेना. "थांबा, मी बोलावतो," मी ऐटीत म्हणालो आणि खिशातून डबी काढून झाकण घासलं. तो पिसारा फुलवून, पंख वाळूवर ओढत, डौलात थेट माझ्यापुढे आला आणि मान वाकडी करून डबीकडे बघत राहिला. मागून शेताच्या राखणदाराने झडप घातली. "खलास! भाईसाब, आप तो उस्ताद निकले!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही हसलो. दुपारी त्याचीच बिर्याणी झाली; मी माझं ताट तसंच परत केलं. शिकारीला मी गेलोच नाही. काल लेकीने कपाटातून ती डबी काढून वाजवली. "बाबा, हू कम्स व्हेन यू डू धिस?" मी झाकण घट्ट दाबून धरलं. डबीचा आवाज अजूनही अगदी खरा आला होता.