नागावातली प्लास्टरची बादली

आमच्या ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांमुळे मी त्या कॉन्फरन्सला गेले, हे सगळ्यात आधी लिहिते. गाडी आमच्या डॉक्टर सरांची होती, रिसॉर्ट दुसऱ्याच कुणाचं, जेवण कुठल्याशा औषध कंपनीचं. पण मला तिथं नेऊन उभं केलं ते सिस्टरांनी, आणि पडता पडता सावरलं तेही त्यांनीच, माणगावात बसून.

मी हिंगोलीकडची. आठवीत शाळा सुटली. पुढं लग्न झालं, नवरा मुंबई-गोवा रस्त्याच्या कामावर रोलर चालवायला आला, तशी मीही माणगावला आले. रस्त्याचं काम अजून संपलं नाही आणि आम्हीही इथून हललो नाही. इथल्या हाडांच्या दवाखान्यात मी आया म्हणून लागले. दवाखान्यात आयाला मावशी म्हणतात, वय काही का असेना. पंचविसाव्या वर्षी मला साठीची माणसं मावशी म्हणून हाक मारायची, आणि मी ओ द्यायची.

प्लास्टर शिकवलं सिस्टरांनी. आधी नुसता पाय धरायला. प्लास्टर करताना एकजण पट्टी गुंडाळतो आणि एकजण पाय धरून ठेवतो, हालला की सगळं वाया. दोन वर्षं मी पाय धरले. मग प्लास्टरवाले मामा काम सोडून गावी गेले आणि सिस्टरांनी पट्टीचा रोल माझ्या हातात दिला. "बाय, तळहात वापर, बोटं नको," त्या म्हणायच्या. "बोटाचा खड्डा पडला की आत चामडी जाते, आणि पेशंट सांगत नाही, नुसता रडतो." त्याला आता नऊ वर्षं झाली. कागदावर मात्र मी आयाच. सकाळी वॉर्ड पुसायचा, बेडपॅन द्यायचे, आणि कुणाचा हात मोडून आला की पदर खोचून प्लास्टरच्या खोलीत पळायचं.

यंदा सरांच्या मनात आलं की प्लास्टरसाठी पनवेलहून सर्टिफिकेटवाला मुलगा आणावा. त्याच सुमाराला ही कॉन्फरन्स निघाली. छोट्या दवाखान्यांचे डॉक्टर, मशीन विकणाऱ्या कंपन्या, दोन दिवस नागावच्या रिसॉर्टवर. त्यात नव्या डॉक्टरांना प्लास्टर शिकवायचा एक तास आमच्या सरांकडे होता. सिस्टर त्यांच्या टेबलापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराबाहेर फडकं घेऊन होते, सगळं ऐकत होते.

"हिलाच न्या सर. तीच दाखवेल."

"सिस्टर, तिथं डॉक्टर असणार आहेत."

"म्हणूनच म्हणते. त्यांनाच येत नाही ना."

सर हसले. मग म्हणाले, "ठीक आहे. जमलं तर प्लास्टरची खोली तिच्या ताब्यात देतो, आयाचं काम बंद. नाही जमलं तर पनवेलचा मुलगा येईल. मग तुम्ही मला पुन्हा काही सांगायचं नाही."

"नाही सांगणार," सिस्टर म्हणाल्या.

चार दिवस मला जेवण गेलं नाही.

कॉन्फरन्सच्या दिवशी पहाटे निघालो. कोलाड, रोहा, रेवदंड्याचा पूल, आणि मग दोन्ही बाजूंनी नारळीच्या वाड्या सुरू झाल्या. सर गाडी चालवत फोनवर बोलत होते. मी मागच्या सीटवर प्लास्टरच्या खोक्याला धरून बसले होते, जसं काही ते उडी मारणार होतं.

रिसॉर्टच्या दारातच एक पोरगी टेबल मांडून बसली होती. "डेलिगेट की एक्झिबिटर?" तिनं विचारलं. मी म्हणाले, "प्लास्टर." तिनं यादीत बघितलं आणि एक बिल्ला माझ्या गळ्यात घातला. वर माझं नाव आणि खाली इंग्रजीत फॅकल्टी. अक्षरं लावून मला वाचता येतं, अर्थ येत नव्हता. शेजारच्या एका बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, "म्हणजे शिकवणारे." मी बिल्ला उलटा करून पदराखाली सारला.

पण आत गेले आणि भीती पाच मिनिटं विसरलेच. नारळींच्या मधोमध मोठा मांडव, आणि मांडवात दवाखान्यातल्या सगळ्या वस्तू, कोऱ्या, प्लास्टिकसकट. हवा भरलेली गादी, जी पेशंटला आपोआप या कुशीवरून त्या कुशीवर करते. पारदर्शक पाय, आत हाडं दिसणारा. एक खाट होती, तिच्या शेजारी उभा असलेला मुलगा म्हणाला, "बसून बघा ना मॅडम." मी बसले. त्यानं बटण दाबलं आणि माझी पाठ हळूहळू वर आली. अकरा वर्षं मी खाटेच्या पायथ्याशी वाकून हँडल फिरवलंय, एका पेशंटला बसवायला किती फेरे लागतात ते माझ्या कमरेला पाठ आहे. मी म्हणाले, "खाली करा." त्यानं केली. मी म्हणाले, "परत वर." तो मुलगा चांगला होता, त्यानं तीनदा वर-खाली केली. मग म्हणाला, "मॅडम, ऑर्डर कुणाच्या नावावर घेऊ?" मी म्हणाले, "आमचे सर नाश्त्याला गेलेत," आणि उतरून पुढं निघाले. पुढच्या स्टॉलवर पेन मिळालं, त्याच्या पुढं कापडी पिशवी, त्याच्या पुढं चाव्यांची कडी, तिला छोटं मणक्याचं हाड लटकवलेलं. सगळं पिशवीत टाकलं. डॉक्टर लोक अर्ध्या चड्डीत फिरत होते. ज्यांच्यासमोर आम्ही वॉर्डात श्वास धरून उभ्या राहतो तसली माणसं, आणि त्यांच्या पिंढऱ्या दिसत होत्या. मला हसू आवरेना.

आमचा तास अकराला होता, मागच्या पडवीत. मी नऊलाच गेले. बादली घेतली, नळाखाली भरली, एक रोल सोडला. बुडबुडे थांबले, रोल काढून पिळला, आणि आपल्याच डाव्या हातावर गुंडाळायला घेतला. तिसऱ्या वेढ्याला पट्टी सरकेना. चौथ्याला कडक. हात फिरवून गुळगुळीत करायच्या आतच ती भाकरीच्या पापुद्र्यासारखी फुटायला लागली. मला वाटलं रोल खराब असेल. दुसरा घेतला, तेच. तिसराही तसाच गेला, चौथा तर पिळता पिळताच मुठीत गोळा झाला. खोक्यात मोजून रोल होते, चार गेले. मनात आलं, समुद्राची हवा लागून खोकंच बाद झालं असणार. आता सरांना सांगायचं काय? आणि सर सिस्टरांना काय म्हणतील?

फोन केला. सिस्टर ड्रेसिंगच्या राउंडला असणार हे माहीत होतं, तरी केला.

"काय गो, झालं?"

"सिस्टर, प्लास्टर हातातच धरतंय. लई लवकर. चार रोल गेले."

"पाणी कुठलं घेतलंस?"

"नळाचं."

"चाखलंस?"

मला वाटलं चेष्टा करतात. "प्लास्टरचं पाणी कोण चाखतं सिस्टर?"

"तू नागावात आहेस बाय. नळ सोड आणि एक थेंब जिभेला लाव."

लावला. खारट म्हणावं तर नाही, गोडं तर मुळीच नाही. तोंड वाईट झालं. "मचूळ आहे," मी म्हणाले.

"बोअरचं असणार. मिठाचा अंश असला की प्लास्टर पळतं, लगेच धरतं. आणि टाकी गच्चीवर असेल, पाणी कोमट झालं असेल, म्हणजे आणखी पळतं. माझं माहेर तिकडचंच, रेवदंड्याच्या अलीकडे. पहिल्या नोकरीत एका म्हाताऱ्याचा पाय मी असाच वाकडा बांधला होता, प्लास्टर परत फोडावं लागलं. पिण्याच्या जारचं पाणी घे, गार. आणि रडत असशील तर आधी तोंड धू."

"रडत न्हाई."

"बरं, मग नको धुऊस," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पिण्याचे जार जेवणाच्या हॉलमध्ये होते, ओळीनं मांडलेले. मी एकाला हात घातला तशी वाढपी मुलगा आडवा आला. "मावशी, ते डेलिगेट लोकांचं आहे. ड्रायव्हर-स्टाफचं पाणी मागच्या बाजूला." आता त्याला हाडं आणि मीठ आणि बोअर कुठं समजावत बसू? मी पदराखालचा बिल्ला काढला आणि सुलटा करून त्याच्यासमोर धरला. त्यानं वाचला. "सॉरी मॅडम. कुठं नेऊन ठेवू?" दोन जार त्यानं स्वतःच्या खांद्यावरून पडवीत आणून दिले. बिल्ला मी तसाच सुलटा राहू दिला.

अजून एक रोल वाया घालवायची हिंमत नव्हती. वीतभर पट्टी कापून भिजवली, मनगटावर ठेवली आणि बघत बसले. ओली राहिली. वळली. मग सावकाश, आपल्या माणगावातल्यासारखी, कोमट होत होत धरली. मी ती पडवीच्या कठड्यावर ठेवली आणि पहिल्यांदा समुद्राकडं बघितलं. बघितला, आहे तिथं आहे म्हणून परत बादलीकडं वळले.

अकराला तीसेक डॉक्टर जमले. सर एका बाजूला हाताची घडी घालून उभे. पाय द्यायला एक कंपनीचा माणूस पुढं आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून टेबलावर बसला आणि म्हणाला, "ताई, जरा पक्कं बांधा. टार्गेट पूर्ण होत नाही, या पायाच्या नावाखाली दीड महिना घरी बसतो." सगळे हसले, माझेही खांदे सैल झाले.

कापूस गुंडाळत होते तेवढ्यात पुढच्या एका वयस्कर डॉक्टरांनी माझा बिल्ला वाचून अगदी साधेपणानं विचारलं, "मॅडम, आपलं ट्रेनिंग कुठं झालं?"

हाच प्रश्न मी चार दिवस चावत होते. हात थांबवला नाही. म्हणाले, "शाळा आठवी. प्लास्टर माणगावला, आमच्या सिस्टरांच्या हाताखाली."

"किती वर्षं?"

"नऊ. त्याआधी दोन वर्षं नुसते पाय धरले."

"आम्ही ते कधी धरलेच नाहीत," ते म्हणाले आणि खुर्ची पुढं ओढून घेतली.

मी दाखवलं. रोल तिरका सोडायचा, बुडबुडे थांबेपर्यंत थांबायचं, टोकं धरून पिळायचं, घोटा काटकोनात, आणि बोटं नाही, तळहात. नऊ वर्षं तोंडातल्या तोंडात बोललेलं सगळं मोठ्यानं बोलले. पट्टी ऐकत होती. मग त्यांची पाळी. पाच-पाचजणांचे गट केले होते, आणि प्रत्येक टेबलाशी रिसॉर्टच्या लोकांनी बादली भरून ठेवली होती. माझी जारची होती, त्यांची नळाची. ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

दोन मिनिटांत पडवीत गोंधळ. एकाच्या मुठीत दगड, एकीच्या दोन्ही हातांना पट्टी चिकटलेली. एक तरुण डॉक्टर म्हणाला, "म्हणून मी सांगतो, फायबरची पट्टी वापरा. हे प्लास्टर म्हाताऱ्यांचं." सर माझ्याकडं बघायला लागले. मी त्यांच्या बादल्यांकडं बघितलं आणि कळलं की हे तर मला माहीत आहे. इथं जमलेल्या सगळ्यांत मला एकटीला माहीत आहे.

मी म्हणाले, "सगळ्यांनी नळावर चला. एकेक थेंब जिभेला लावा."

"काय?"

"लावा हो. मग सांगते."

आणि ते गेले. तीस डॉक्टर नळापुढं रांग लावून, बोट ओलं करून जीभ बाहेर काढतायत, आणि माझे सरही त्यात. ज्यानं फायबर म्हटलं होतं त्यानं थू केलं. मग मी जारचं पाणी चाखायला दिलं, कारण सांगितलं, बादल्या ओतून जारच्या पाण्यानं भरायला लावल्या, उरलेले रोल तुकडे करून वाटले, आणि दुसऱ्या वेळी सगळ्यांच्या पट्ट्या निवांत वळल्या. तास संपून गेला तरी कुणी उठेना. एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना मुरूडला होता. त्या म्हणाल्या, "आमचे प्लास्टरचे स्लॅब सारखे तडकतात. मी कंपनी बदलली तीनदा." त्यांनी वहीत लिहून घेतलं, मी सांगितलेलं, आणि मी त्यांचं पेन हलताना बघत राहिले.

जेवणाच्या रांगेत सर मागं येऊन उभे राहिले. "मला पण हे माहीत नव्हतं," म्हणाले. "सोमवारपासून प्लास्टरच्या खोलीची चावी तुमच्याकडं." अकरा वर्षांत ते मला पहिल्यांदाच तुम्ही म्हणाले. ताटात काय काय वाढून घेतलं ते आठवत नाही. दोनदा घेतलं, एवढं आठवतं.

फोनवर सिस्टरांना सांगितलं तर त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, "आपल्या सरांनी पण चाखलं?" मी हो म्हणाले. त्या इतक्या हसल्या की मागून कुणी पेशंट विचारत होता काय झालं म्हणून.

आम्ही त्याच रात्री परतलो. दुसऱ्या दिवशी वॉर्डात एका आजीची सून मला म्हणाली, "काल तुम्ही नव्हता, तर सिस्टरच करत होत्या सगळं. बेडपॅन, फरशी, सगळं." माझ्या जागी यायची बदली बाई आलीच नव्हती. गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना दोनदा थांबणाऱ्या सिस्टर, वाकून फरशी पुसत होत्या, आणि त्यातच माझा फोन घेतला होता त्यांनी. फोनवर यातलं एका शब्दानं बोलल्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "मग काय पेशंटला सांगू, आमची मावशी नागावला गेली, तू थांब?"

पंचवीस वर्षांत सिस्टर अशा एकाही कॉन्फरन्सला गेलेल्या नाहीत. दर वेळी कुणीतरी मागं राहायला लागतं, आणि त्या राहतात. आता पुढच्या वर्षी काम सोडायचं म्हणतायत. त्याआधी त्यांनाही एकदा न्या, हे मी सरांच्या कानावर अजून घातलेलं नाही, धीर होत नाही, पण घालणार आहे. एक दिवस त्या गळ्यात त्यांच्या नावाचा बिल्ला घालून तसल्या मांडवात पुढच्या खुर्चीवर बसतील, त्या बटणाच्या खाटेवर झोपून बघतील, आणि त्या दिवशी त्यांच्या मागं वॉर्डात जे काही पुसायचं, उचलायचं, धरायचं असेल ते मी करीन. खोलीची चावी कमरेला असली तरी करीन.

सिस्टर, हे तुम्हाला तोंडावर म्हणता येणार नाही, तुम्ही हसाल. म्हणून इथं लिहून ठेवते.