बापाचं डोकं

आईने फेकलेला पेला डेंटरच्या कपाळावर बसला आणि कातडी फाटली. पेला स्टीलचा होता, बुडाशी जड. रक्त भुवईतून डोळ्यात उतरलं. त्याने ते पुसायला हात वर केला नाही. हात वर गेला की आई आणखी किंचाळायची.

"मारू नका," आई ओरडत होती. मारलं तिनेच होतं. "पोरांसमोर नको हो. पोरं जागी आहेत."

पोरं म्हणजे तो आणि त्याची ताई. तो चाळिशीला टेकलेला, ताई त्याच्याहून मोठी. ती शिवणयंत्रावरून उठून दोघांच्या मध्ये आली.

"आई, हा तुझा मुलगा आहे."

"तू मला शिकवू नकोस. मला माझा नवरा कळत नाही?"

नवरा मरून जमाना झाला होता. आई आधी किल्ल्या विसरली, मग गॅस, मग आठवड्याचे वार, मग माणसं. मुलगा मोठा झाला हे विसरली. नवरा मेला हेही विसरली. मार तेवढा विसरली नाही.

ताईने कपाळावर फडकं दाबलं. "तिचा दोष नाही रे. तू दारात वाकून आत येतोस ना, तेव्हा आधी डोकं दिसतं. मलासुद्धा एकदा धस्स झालं."

ते डोकं त्याला ताईपेक्षा जास्त पाठ होतं. बापाला पुढून पार टक्कल होतं, मागे कानापासून कानापर्यंत केसांची एक पट्टी. मारायला लागला की टाळूवर घाम यायचा आणि दिव्याखाली ती चकाकायची. खाटेखाली दडलेल्या पोराला वर बघितलं की तेवढंच दिसायचं. ते चकाकणारं डोकं, आणि त्याच्या पलीकडे आईचा हात, चेहरा झाकलेला.

तेच डोकं आता त्याच्या धडावर होतं. पंचविशीत केस गळायला लागले आणि दर वर्षी आरशात बाप थोडा थोडा वर येत गेला.

गॅरेजमध्ये त्याला सगळे डेंटरच म्हणायचे. गाड्यांचे पोचे काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. ठोकर बसून आत गेलेला पत्रा तो मागून हातोडीने ठोकत ठोकत बाहेर आणायचा. दिवसभर लोखंड बडवायचा, पण माणसावर त्याने कधी बोट उगारलं नव्हतं. लग्नाचा विषय निघाला की तो स्वतःच्या हातांकडे बघायचा आणि विषय बदलायचा. लोक म्हणायचे, टकल्याला मुलगी मिळत नसेल. तो म्हणू द्यायचा.

शेजारच्या शेडमधला पेंटर त्याचा एकुलता एक दोस्त.

"विग लाव की लेका," पेंटर म्हणाला. "मीही पोचे भरून वरून रंगच मारतो. गिऱ्हाइकाला कुठे कळतं?"

त्याने विग आणला. आईने पहिल्याच संध्याकाळी तो उपटून काढला. आतून टक्कल निघालं तेव्हा ती जी ओरडली, तसं ती आजवर ओरडली नव्हती. झाकण काढावं आणि आत माणूस लपलेला सापडावा, तसं. तिने स्वतःचंच डोकं भिंतीवर आपटून घेतलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्याने आपला तळहात मध्ये घातला.

दुसऱ्या दिवशी तो केस लावायच्या दवाखान्यात गेला.

तिथे शंका विचारायला एक वेगळी बाई बसवली होती. सगळे येऊन तेच तेच विचारतात, असं ती हसून म्हणाली. दुखेल का? किती दिवस घरी बसावं लागेल? आणि खाली मान घालून, कुणाला कळणार तर नाही ना?

"मला उलटं पाहिजे," डेंटर म्हणाला. "कळलं पाहिजे. दारातूनच कळलं पाहिजे."

बाईने त्याच्या कपाळावरचे टाके पाहिले.

"वडिलांना टक्कल होतं?"

"होतं."

"मग हे आनुवंशिक आहे."

"ते मारायचेसुद्धा."

बाईचं हसू थांबलं. "ते आनुवंशिक नसतं."

"नक्की?"

तिने त्याचं उत्तर दिलं नाही. बाकीची दिली. मागच्या पट्टीतले केस मुळासकट काढून पुढे लावायचे. ते केस न गळणाऱ्या जातीचे असतात, जागा बदलली तरी स्वभाव बदलत नाही. सुरुवातीला चेहऱ्यावर सूज येते. पहिले दहा दिवस टाळूला कुणाचा हात लागता कामा नये. महिनाभरात लावलेले केस गळून पडतात.

"गळतात?"

"घाबरायचं नाही. मूळ आत राहतं. चौथ्या महिन्यापासून नवा केस वर यायला लागतो. नीट भरून दिसायला वर्ष जातं."

वर्ष. आईकडे वर्ष आहे का, हे तिला विचारण्यात अर्थ नव्हता.

"आणि पुढे कापले तर?"

"तुमचेच केस आहेत ते. कापा, वाढवा, वस्तरा फिरवा. मूळ आहे तोवर परत येणारच."

डॉक्टरांनी कपाळावर रेघ आखायला जुना फोटो मागितला, केस होते तेव्हाचा. डेंटरकडे फोटो नव्हता. बाप गेला त्या आठवड्यात आईने घरातला त्याचा प्रत्येक फोटो चुलीत घातला होता. त्याच्या शेजारी उभी असलेली पोरंही त्यात गेली.

"निदान वडिलांच्या तरुणपणी रेघ कुठे होती, आठवतं?"

"ते कायमच टकले होते," डेंटर म्हणाला.

त्याला खरंच तसं वाटत होतं. ताईलाही. बाप म्हटलं की दोघांना तेच एक डोकं दिसायचं. मग डॉक्टरांनी त्याच्या चेहऱ्याची ठेवण पाहिली आणि तिला शोभेल अशी रेघ आखली.

ऑपरेशनच्या दिवशी टाळूत सुया टोचल्या. पहिल्या काही सुयांना डोळ्यांतून पाणी आलं, मग डोकं त्याचं राहिलं नाही. तो पालथा पडला होता. मागून एकेक मूळ उपटलं जात होतं. दुखत नव्हतं, पण आवाज आतून येत होता, पत्र्याला बारीक भोकं पाडावीत तसा. मग उताणा केला आणि पुढे चिरा पाडल्या. रक्त पुसत पुसत एकेका चिरेत एकेक केस खोवला. त्याला वाटलं, बापाला ठार मारायची हीच पद्धत असेल. एकदम नाही. चिरेचिरेने.

तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर सूज आली. डोळे मिटले, नाक पसरलं, चेहरा भोपळ्यासारखा झाला. टाळूभर रक्ताचे वाळलेले ठिपके. आरशात बघून तो दचकला. ताई म्हणाली, "आईसमोर जाऊ नकोस." पण आईच खोलीतून बाहेर आली.

ती त्याच्यासमोर थांबली. किंचाळली नाही.

"बाळा," ती म्हणाली. "त्याने मारलं ना तुला?"

दोन वर्षांत तिने त्याला पहिल्यांदा ओळखलं होतं.

"हो, आई."

"मी मध्ये यायला हवं होतं. नाही आले. मला भीती वाटली रे." आणि तिने हात पुढे केला, त्याच्या डोक्याकडे.

ताई ओरडली, "आई, नको!" दवाखान्यातलं सगळं त्यालाही आठवत होतं. त्याने डोकं मागे घेतलं नाही. आईचा तळहात डाव्या बाजूने टाळूवरून फिरला. खपल्या निघाल्या. ताजी मुळं निघाली. रक्त तिच्या बोटांना लागलं आणि ती ते पदराला पुसत राहिली. त्या पट्ट्यात पुढे कधीच केस आले नाहीत.

चार दिवस तो तिचा मुलगा होता. मग सूज ओसरली आणि बाप परत आला.

त्यानंतरचे महिने वाईट गेले. लावलेले केस उशीवर गळून पडले आणि टाळू पुन्हा लख्ख झाली. आई चावायला लागली. ताईच्या दंडावर दातांचे व्रण उठले. आईने एकदा दार आतून लोटून घेतलं आणि काचेच्या बाटल्या फोडून उंबऱ्यात पसरल्या. डेंटर बाहेरून आला आणि त्यावर पाय देऊन उभा राहिला. त्या दिवसापासून तो गॅरेजमध्येच झोपायला लागला. घरी यायचा तो आई झोपलेली असताना.

त्यातच त्याची हातोडी हरवली. त्याची खास, गोल तोंडाची, मुठीपाशी झिजलेली. तो ती रोज पिशवीतून घरी न्यायचा आणि परत आणायचा. त्याने पेंटरवर आळ घेतला.

"तुझी हातोडी घेऊन मी काय करू, रंग ठोकू?" पेंटर म्हणाला. "डोक्यात पेरली असशील. बघ, येईल चौथ्या महिन्यात."

चौथ्या महिन्यात केस आले. आधी लव, मग ताठ, मग काळेभोर. दाट केसांनी आईच्या हाताचा तो पट्टा झाकून टाकला. पेंटर म्हणाला, "आता मुलगी बघायला हरकत नाही, फक्त तिने तुझं तोंड बघू नये." आई एव्हाना फार बोलत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. डेंटर पुन्हा घरी राहायला आला. तो दारातून आत यायचा, ती नुसती बघायची, किंचाळायची नाही. ताई एकदा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाली, "जमलं रे."

वर्ष होत आलं होतं. एका सकाळी त्याने आंघोळ केली. आईच्या खोलीत भिंतीला आरसा होता. ओले केस पाहून त्याला हुरूप आला. कंगवा घेऊन तो आरशासमोर उभा राहिला आणि केस मागे फिरवले, कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा.

कात्री त्याच्या खांद्यात मागून घुसली. ताईची, कापड कापायची, लांब पात्याची. आई बिछान्यातून कधी उठली ते कळलंच नाही. तिने कात्री उपसली आणि दुसऱ्यांदा मारली. ती मानेला चाटून गेली. तिसरा वार यायच्या आत त्याने वळून तिचं मनगट पकडलं. पिळलं. कात्री पडली. तरी तो पिळतच होता. हाड बोटांखाली करकरलं आणि त्याला आरशात दिसलं, केस विंचरलेला एक माणूस एका बाईचा हात पिळतो आहे.

त्याने हात सोडला. आई खाली बसली. ती आता ओरडत नव्हती.

"झालं विंचरून?" ती म्हणाली. "आता जा तुम्ही. मारून झालं, केस विंचरून झाले, आता जा बाहेर. परत याल तेव्हा लाथ मारू नका. पहिलंच आहे माझं. पोटात आहे."

दारात ताई उभी होती. पोटात होती ती तीच. ती डेंटरच्या केसांकडे बघत राहिली.

"तेव्हा त्याला केस होते," ती म्हणाली.

"मला काय माहीत?"

"मला तरी कुठे माहीत होतं?"

आई आठवणींत मागे मागे गेली होती. जे डोकं त्याने चिरेचिरेने मारलं, ते तिच्यासाठी अजून जन्मालाच आलं नव्हतं. आणि जे गाडलेलं होतं, ते त्याने उगवून आणलं होतं.

खांद्याला टाके घालून तो थेट न्हाव्याच्या दुकानात गेला.

"एवढे छान केस," न्हावी म्हणाला. "काय झालं? कुणी गेलं का घरातलं?"

"नाही. कुणीतरी परत आलंय."

वस्तरा फिरला. डाव्या बाजूला बोटांएवढा गुळगुळीत पट्टा उघडा पडला. न्हाव्याने त्यावर अंगठा फिरवला.

तो घरी आला, दारात वाकला, आत गेला. आईने त्याच्या डोक्याकडे पाहिलं. खूप वेळ. ताईने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरून ठेवली होती.

"तुम्ही कोण?" आई म्हणाली. आवाजात भीती नव्हती.

डेंटरला वाटलं होतं, या प्रश्नाने त्याचं काळीज फाटेल. फाटलं नाही. तो तिच्या गादीच्या कडेला बसला.

"गॅरेजमध्ये काम करतो. पत्रे ठोकतो."

"भाऊ, मग तुमच्या हातात जोर असेल." ती दाराकडे बघून कुजबुजायला लागली. गादीखाली हात घालून तिने काहीतरी ओढून काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं. गोल तोंडाची हातोडी, मुठीपाशी झिजलेली. "माझ्याच्याने उचलवत नाही. कितीदा बघितलं. तुम्ही इथे बसा. तो आला की डोक्यात घाला."

ताईने तोंडावर हात दाबला.

"घालीन," डेंटर म्हणाला.

"आधी केसांना धरा. दाट आहेत, हातात येतात. मग घाला. बोलू देऊ नका त्याला, गोड बोलतो."

"बरं."

"नक्की ना?"

"नक्की."

आई आडवी झाली. त्याचा अंगठा धरून झोपली.

तो रोज सकाळी ती उठायच्या आत नळाखाली डोकं धरतो आणि वस्तरा फिरवतो. दवाखान्यातल्या बाईने खोटं सांगितलं नव्हतं. मूळ आत आहे. एक दिवस गेला की टाळूवर काळपट सावली येते, फक्त त्या डाव्या पट्ट्यावर येत नाही. मग तो आईच्या उशाशी खुर्ची घेतो, मांडीवर हातोडी ठेवतो आणि दाराकडे तोंड करून बसतो. आरसा त्याने उलटा करून ठेवला आहे.