दात दिसला की बाद

मंडळी, मघापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

जेवणं झाल्यावर आम्ही सगळे टीव्हीवर तो न हसण्याचा खेळ बघत होतो. विनोदी नट हसवतो, प्रेक्षकांतला जो हसेल तो बाहेर. घरातही पैज लागली, जो हसेल त्यानं भांडी घासायची. माझे सासरे, आबा, ऐंशीच्या पुढचे. पहिल्याच विनोदाला मोठ्यानं हसले. विनोदात काही दम नव्हता.

"आबा, तुम्ही बाद," मी म्हटलं.

"व्हय. पर त्या पोराला घाम फुटलाय की गं. कुणीतरी हसाय नको?"

मग ते बोलायला लागले. पंचावन्न-छप्पन साल असेल. तालमीच्या गणपतीपुढं हाच खेळ असायचा. दात दिसला की बाद, शेवटपर्यंत टिकेल त्याला नारळ. त्या वर्षी सोंगाड्या होता त्यांचा थोरला भाऊ. सगळ्यांना हसवलंस तर फडात घेतो, असं तमाशाच्या मालकानं त्याला सांगितलेलं. सगळे हसले. आबा तेवढे गाल आतून चावत बसले.

"मालक म्हणाला, घरचं माणूस हसंना, गाव काय हसंल? मला नारळ मिळाला आणि दादालाबी."

भाऊ त्याच दिवशी घर सोडून गेला, तो परत आलाच नाही. त्यांच्या आईनं आबांचा तो नारळ कधी फोडू दिला नाही.

हरलो म्हणून आबा आता हट्टानं भांडी घासतायत.

जिंकायच्या नादात तुम्ही कधी आपल्याच माणसासमोर हसू दाबलंय का?