कठड्याखालची डबी

सोफे-खुर्च्या शिवणाऱ्या त्या माणसाला सगळा बाजार 'मौनी' म्हणे. काम करताना तोंडात बारीक खिळे धरायची त्याची सवय. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणायचा, चुंबकाच्या हातोडीने टिपायचा आणि कापडावर ठोकायचा. गिऱ्हाइकाने "कधी देणार?" विचारलं, तरी उत्तर एकच, "हूं."

थोरल्या बहिणीपुढे मात्र ते चालत नसे. "खिळे थुंक आणि माणसासारखं बोल," ताई दुकानाच्या दारातूनच म्हणायची.

ताई इस्पितळात रक्त काढण्याचं काम करायची. हात इतका हलका, की रोगी "झालं?" असं विचारून वर बघत. तिने लग्न केलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी बूट घालून, मोबाइल घेऊन ती डब्या शोधायला निघे. तो एक खेळ होता. कोणीतरी उघड्यावर छोटी डबी लपवायची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. बाकीच्यांनी नकाशावरून तिथवर जायचं, डबी हुडकायची, आतल्या कागदावर आतल्याच पेन्सिलीने नाव लिहायचं आणि होती तिथेच परत ठेवायची. बक्षीस वगैरे काही नाही.

"घरातली कात्री सापडत नाही हिला, आणि निघाली जगाच्या डब्या शोधायला!" तो चिडवायचा.

"कात्री तू लपवतोस शहाण्या, आणि अक्षांश-रेखांशही देत नाहीस."

तिने स्वतः लपवलेली डबी एकच. इस्पितळाच्या वाटेवर कालव्यावरचा लोखंडी पूल होता, त्याच्या कठड्याखाली तिने ती चुंबकाने चिकटवली होती. चुंबक भावाच्याच मोडक्या हातोडीचा. एकदा त्याला तिथे नेऊन ती म्हणाली होती, "डोळ्यांनी नाही रे, बोटांनी शोध."

ती आजाराने गेली. तिच्या साड्या, भांडी नातेवाइकांत वाटली गेली. त्याच आठवड्यात तो पुलावर गेला, कठड्याखाली बोटं फिरवली आणि डबी काढून खिशात टाकली. दुकानात रेक्झिनच्या गुंडाळ्यांमागे ती ठेवली. दुकान बंद करण्याआधी तो आतला कागद उलगडे. सर्वांत वर ताईच्या हातचं लिहिलेलं होतं, 'सापडली ना? आता होती तशी ठेवा.' खाली अनोळखी माणसांची नावं. आपण कोणाचं काही उचललं, असं त्याच्या मनातही आलं नाही. बहिणीची वस्तू भावाकडे, एवढा सरळ हिशेब.

मग एक दिवस चष्म्याच्या दुकानातल्या बाई आल्या. त्या ताईच्या या खेळातल्या सोबतीण.

"भाऊ, ताईंची डबी कोणालाच सापडत नाहीये. लोक तसं कळवतायत. असं झालं की लपवणाऱ्याने जाऊन बघायचं असतं. या महिन्यात कोणी बघितलं नाही, तर ती जागा नकाशावरून कायमची काढून टाकतील."

त्याच्या तोंडात खिळे होते. "हूं."

"तुम्हाला जागा माहीत आहे ना? बघून याल?"

"हूं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुलावर गेला. तिथे डबी नाही, हे त्याच्याइतकं पक्कं कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी गेला. एक वयस्कर जोडपं कठड्याशी वाकलेलं होतं. बाईंनी काठी बाजूला टेकवली होती आणि एक गुडघा टेकून त्या लोखंडाखालून हात फिरवत होत्या. डोळे मिटून, अगदी सावकाश.

"काही हरवलं का?" त्याने विचारलं.

"कानातलं पडलं हो," बाई चटकन म्हणाल्या.

दोन्ही कानांतली जागच्या जागी होती. बाहेरच्या माणसाला डबीचा सुगावा लागू द्यायचा नाही, हा या खेळाचा रिवाज. ताईही अशाच थापा मारायची. तोही खाली बसला आणि कानातलं शोधू लागला. काय करणार?

"उठ आता," नवरा बायकोला म्हणाला. "नाहीये. उचलून नेली कोणीतरी."

"मेल्याला काय मिळालं असेल? पेन्सिलीचं थोटूक!" बाई मौनीच्याच खांद्याचा आधार घेऊन उठल्या. "जिने लपवली ती गेली म्हणे. म्हणून तर एवढ्या लांबून आले. तिच्या अक्षराखाली आपलं नाव लिहायचं होतं."

मौनीने काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

दुकानात येऊन त्याने डबी काढली. झाकणातलं रबर विरलं होतं. त्याने नवं कापून बसवलं. नवा कागद तयार करून ठेवला. हा आत घालावा आणि ताईच्या हातचा आपल्याकडे राहू द्यावा, कोणाला काय कळणार? पण जुना कागद अर्धा कोरा होता. बराच वेळ तो दोन्ही कागद समोर घेऊन बसला. शेवटी त्याने जुना कागद घट्ट गुंडाळून परत डबीत घातला. त्याआधी शेवटच्या अनोळखी नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं.

डबी कठड्याखाली चिकटवून त्याने पुलावरूनच चष्मेवाल्या बाईंना फोन केला.

"बाई, लोकांना कळवा. डबी माझ्याकडे होती. मीच नेली होती. आता जागेवर आहे."



"मी नाही कळवणार, भाऊ. तुम्हीच लिहा. तिच्यानंतर तिथे लक्ष ठेवणारं कोणीतरी लागेलच ना? कसं लिहायचं ते सांगते. आहात ना?"

"आहे," तो म्हणाला. "सांगा."