डॉक्टरीणबाईंची पट्टी

भूमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलताना समोरच्याच्या नाकाखाली बघतात. पहिल्यांदा मला वाटलं, म्हातारपणी मला फुटलेली मिशी बघतायत. त्यांच्या पर्समध्ये शाळेतली प्लॅस्टिकची पट्टी असते आणि काहीही सांगा, त्या "असं होय" म्हणतात.

शेजारची पाच वर्षांची पोर सांगितलेलं लगेच विसरते आणि बापाचा मार खाते, म्हणून मी मायलेकींना तिथं नेलं. बाईंनी पोरीचे डोळे पट्टीनं मोजले, नाक आणि ओठ यांमधली सपाट जागा पाहिली, डोक्याला टेप लावला. मग आईला विचारलं, "ही पोटात असताना दारू घेतली होती? त्यानं पोराची ही जागा अशी सपाट राहू शकते. कळलं तर निदान करता येईल." आई पोरीची रिबीन सोडून पुन्हा बांधायला लागली.

मीच बोलले, "म्या घेतली होती. थोरल्याच्या वेळी. सासऱ्यांची खोकल्याची ब्रँडी प्यायची आन् बाटलीत काळा चहा ओतायची. लई हुशार समजायची सोताला."

"असं होय. थोरले कुठंयत?"

माझा पन्नाशीचा थोरला बाहेर स्कूटरवर होता. तो आत आला.

"मिशी वर धरा," बाई गंभीरपणे म्हणाल्या आणि पट्टी लावली. "हसू नका, काका."

पोरीची आई खुदकन हसली. मग हळूच म्हणाली, "म्या बी घेतली, बाई. रोज. पोरीला बाधंल, ठाऊक नव्हतं."

बाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "ती मुद्दाम विसरत नाही. तिला एका वेळी एकच गोष्ट सांगायची, पुन्हा पुन्हा. आणि मारायचं नाही. बापाला पाठवा, मी सांगते."

"मिशी सोडू का?" थोरल्यानं विचारलं.