जावाची कॉफी आणि गिरीशचं नाक

गिरीशला वास येतो की नाही, हे एकदाचं कळावं म्हणून मी ही सहल आखली. कॉफी हे निमित्त. हिवाळ्यात कोरोना होऊन गेल्यापासून माझ्या नवऱ्याचं नाक संपावर होतं. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या डच फॅमिली डॉक्टरांनी, ‘वाट बघा’ असं सांगून फोन ठेवला. मे महिन्यात एक दिवस गिरीश म्हणाला, “आला गं वास परत.” मी देवापुढे साखर ठेवली. पुढच्याच आठवड्यात ओट्यावर दूध करपून काळं झालं आणि हा शेजारच्या खोलीत निवांत मीटिंग करत बसलेला.

“लक्ष नव्हतं,” म्हणे. माझा विश्वास बसला नाही.

२०२१च्या जूनमध्ये निर्बंध सैल झाले आणि एका शनिवारी आम्ही आमच्या नीउ-व्हेनेप गावाहून निघालो. जाणाऱ्यांसाठी सांगते, रेल्वेचं सवलतीचं कार्ड काढा, शनिवार-रविवार बरंच स्वस्त पडतं. गाडीचा डबा निम्म्याहून जास्त रिकामा होता. पलीकडे कोणी खोकलं की सगळे माना वळवून बघत होते, मीसुद्धा.

पहिला मुक्काम अॅमस्टरडॅमची वनस्पती बाग. वेळ आधी ऑनलाइन घ्यावी लागते. काचघरात कॉफीचं झाड आहे, आपल्या परसातल्या कुठल्याही झुडपासारखं साधं. पण त्याच्या खानदानाची गोष्ट ऐका. डच जहाजांनी कॉफीची रोपं आपल्या मलबार किनाऱ्यावरून जावा बेटावर नेली. तिथल्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीत ती फोफावली. मग जावाचं एक रोप या शहरात आलं आणि त्याची पिल्लावळ समुद्रापार अमेरिकेत पोचली. फलकावर सगळं कसं गुळगुळीत: नेलं, आणलं, लावलं. कोणी लावलं? जावाच्या शेतकऱ्यांना पुढे सरकारी सक्तीने कॉफी पिकवावी लागली, हे मी घरून वाचून गेले होते. फलकावर त्याचा उल्लेख सापडेना. मी मागची बाजूही बघून आले.

झाडावर चार पांढरी फुलं होती. “काय सुरेख वास आहे!” गिरीश म्हणाला. मास्कच्या आतून. मला माझ्या मास्कमध्ये सकाळच्या पोह्यांतला कांदा सोडून काही येत नव्हतं. मी मनात नोंद केली.

तिथून नायमेखन, गाडीने दीड तासाच्या आसपास. स्टेशनवर भाड्याच्या सायकली मिळतात. गावात चक्क चढ आहे, सपाट देशात राहून विसरलेले पाय बोलायला लागतात. आम्हाला जायचं होतं इनेकेबाईंच्या कॉफीच्या दुकानात. जावा, सुमात्रा अशा बेटांवरची कॉफी आणून त्या स्वतः भाजतात. त्यांची आजी जावाहून आलेली. टेबलं अजून बाहेर फुटपाथवरच, एकमेकांपासून लांब लांब. दुकानाच्या काचेवर धूर सोडणाऱ्या डोंगराचं चित्र.

“ज्वालामुखीमुळे खरंच चव बदलते का?” मी खोदून विचारलं.

त्या हसल्या. “माती सुपीक असते, उंची असते, गारवा असतो. पण सुमात्राच्या कॉफीचा तो ओलसर, मातकट स्वाद जास्त करून येतो तो बी ओलं असतानाच वरची साल काढतात म्हणून. पाकिटावर मात्र ज्वालामुखीच खपतो.”

हे पहिलं वाक्य दिवसभरात, जे मी मुकाट्याने मान्य केलं. जावाची कॉफी त्यामानाने शांत, आंबटपणा कमी, हेही त्यांनीच सांगितलं. जुनी झाडं एकदा रोगाने झोपली आणि तिथे बऱ्याच ठिकाणी दुसरी, कडवट जात आली. तेव्हा ‘जावा’ लिहिलेलं दिसलं की कुठली जात ते विचारून घ्या.

मग वास घेण्याचा कार्यक्रम. वाटीत भरड पूड, वर उकळतं पाणी, आणि तरंगलेला थर चमच्याने मोडताना नाक अगदी जवळ न्यायचं. जावाची वाटी होती. मला ओल्या लाकडासारखं काहीतरी आलं. गिरीशने डोळे मिटले, लांब श्वास घेतला आणि ठामपणे म्हणाला, “जायफळ.”

इनेकेबाईंनी टाळी वाजवली. “वा! जायफळही तिकडच्याच बेटांवरचं, तेही ज्वालामुखीचंच!” त्यांनी लगेच खडूने पाटीवर ‘जावा: जायफळ’ लिहिलं. पलीकडच्या टेबलावरच्या आजोबांनी वाटी हुंगली आणि गंभीरपणे मान डोलावली. “हो, हो. जायफळ.”

मला मात्र वेगळीच कॉफी आठवली. आमच्या सासूबाईंची कॉफी म्हणजे दुधात उकळलेली आणि वर जायफळ किसलेलं. तिच्यातला जो वास आपल्याला कॉफीचा वाटतो, तो निम्मा जायफळाचाच. त्या वाटीत जायफळ औषधालाही नव्हतं. गिरीश आठवणीतून उत्तर देत होता.

परतीच्या गाडीत विचारलं, “येत नाही ना वास?”

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, “नाही.”

“मग खोटं का बोललास?”

“नाही म्हटलं की तू हिंगाची डबी आणतेस, लवंगा आणतेस, साबण आणतेस. रोज सकाळी परीक्षा आणि रोज नापास. आता कधी येणारच नाही असं वाटायला लागलं, तर निदान तुला तरी बरं वाटू दे म्हटलं.”

मला त्याचा राग आला आणि माझा त्याहून जास्त.

या सहलीचं काय उरलं, म्हणाल तर जावाचं एक पाकीट. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यातली कॉफी बिनदुधाची केली आणि कप त्याच्या हातात दिला. विचारलं काहीच नाही. त्याने हुंगून बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

“तुला काय येतं?” त्याने विचारलं.

“ओलं लाकूड,” मी म्हणाले. “बंद कपाट उघडल्यावर येतो तसा. आणि शेवटी थोडा गूळ.”

“खरंच, का मला बरं वाटावं म्हणून?”

“खरंच.”

त्याने डोळे मिटून एक घोट घेतला. “मग सांग,” तो म्हणाला, “अजून सांग.”