कावेरीबाईंनी रोळलेला दगड

बहात्तरच्या दुष्काळात देगलूरकडच्या कावेरीबाई खडी फोडायला गेल्या आणि दगडाची नस ओळखायला शिकल्या. पुढं नवरा वारला. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांची बांधकामं निघाली, तशा त्या लेकीला घेऊन लातुरात आल्या नि गवंड्याच्या हाताखाली लागल्या.

एके दिवशी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे अमृतराव मजूर शोधत तिथं आले. चार पोती ग्रॅनाइट कुटायचा होता. कावेरीबाईंनी कॉलेजात जाऊन पोतं सोडलं, एक तुकडा दुसऱ्यावर आपटून पाहिला.

"सर, ह्यो कुजका हाय. वरवरचा उचलला जणू."

अमृतराव चपापले. त्यांना दगडाचं वय काढायचं होतं आणि कुजक्यात खोट येण्याची भीती होती.

"मग चांगला कुठं मिळेल?"

"आमच्या गावच्या खाणीत. म्या फोडलाय की!"

पुढच्या आठवड्यात जीपभर दगड आला. कावेरीबाईंनी तो कुटून पिठासारखा केला. तो पाण्यात धुऊन तळाचे जड कण वेगळे काढायचे होते. अमृतराव धुवायला बसले, तर निम्मा ऐवज मोरीत वाहून गेला.

"सरका सर," म्हणत कावेरीबाईंनी परात ओढली. दुष्काळात तांब्याभर पाण्यात रेशनची खडेवाली मिलो ज्वारी रोळलेला हात तो! हलकं हलकं वर निघून गेलं, तळाशी चिमूटभर भुकटी उरली. भिंगाखाली मधाच्या रंगाचे टोकदार कण दिसले.

"सोनं हाय का?"

"नाही, झिरकॉन. पण रायचूरकडं सोनं निघतं, त्या खडकांलगत असाच ग्रॅनाइट आहे. दोन्हींची वयं ताडून पाहायचीत. या कणातलं युरेनियम ठरल्या चालीनं शिसं होत जातं. किती झालं ते मोजलं की वय कळतं."

कण हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेले. दीड वर्षानं कागद आला : अडीचशे कोटी वर्षं.

"आगं माय! लई म्हातारं निघालं की!" कावेरीबाई दगडाकडं बघतच राहिल्या.

अमृतरावांनी खटपट करून त्यांना कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिपायाची जागा मिळवून दिली. अर्जावर कारकून अडला, "जन्मतारीख?"

"न्हाई ठावं. रझाकाराच्या धामधुमीत झाले, म्हनायची माय."

कारकुनानं त्यांना सरकारी दवाखान्यात धाडलं. डॉक्टरांनी दात पाहिले आणि लिहून टाकलं, छत्तीस.

"दगडापायी दीड वरीस लागलं, अन् माजं दात बघून उरकलं!" त्या पोट धरून हसल्या. पण तो कागद त्यांनी पदराच्या गाठीत जपून नेला.

नोकरी पक्की झाली, लेक शाळेत जाऊ लागली. पुढच्या हिवाळ्यात कॉलेजची पोरंपोरी दगड गोळा करायला किनवटच्या जंगलात निघाली. खांद्यावर हातोडा टाकून कावेरीबाई ओढ्यातून पुढं चालल्या होत्या, आणि त्यांना गाठता गाठता पोरांना धाप लागत होती.